प्रमिलावैनींची वेणी

“गुरुवारी केस कापायचेत,” एस्तेर सिस्टरनं सकाळच्या चहाला सगळ्यांसमोर जाहीर केलं. “ज्या आज्या झोपून असतात त्यांचेच. बाकीच्यांनी उगीच डोक्यावर पदर घेऊ नका.”

मी खारी चहात बुडवली होती. सिस्टरकडं बघता बघता ती तुटून तळाला गेली.

“झोपून असणाऱ्या म्हंजे कोण कोण?”

“सरूआजी, कोपऱ्यातल्या भीमाबाई आणि तुमच्या खोलीतल्या प्रमिलाआजी.”

“पहिल्या दोघींचं तू आणि त्या बघा. प्रमिलावैनींच्या केसाला हात लावायचा न्हाई.”

“का हो आक्का?”

“मी सांगितलं म्हणून.”

शेजारच्या दोघीतिघी कप खाली ठेवून ऐकायला लागल्या. त्या म्हाताऱ्यांच्या निवासात करमणूक म्हणजे एक टीव्ही आणि एक मी. टीव्ही त्या दिवशी बंद होता.

एस्तेर मिरजेची. वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढी, पण जीभ माझ्या तोडीची, म्हणून मला ती आवडायची. तिला हे मी कधी कळू दिलं नाही. माणसाला तू आवडतोस म्हणून सांगितलं की ते कामात ढिलं पडतं.

“आक्का, हे निवास तुम्ही चालवता का मी?”

“तू चालव. फक्त माझ्या खोलीच्या बाहेर चालव.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी गोजराबाई इंगवले, शिराळ्याच्या बाजूची. चार मुलगे, चार सुना, दोन दीर, गोठाभर जनावरं असं आमचं खटलं, आणि माझ्या शब्दाबाहेर त्यातलं एक शेपूट हलत नव्हतं. सोयरिकी मी ठरवल्या, बारशाची नावं मी ठेवली, कुणी कुठल्या रानात राबायचं ते मी सांगितलं. मला निवासात कुणी टाकलं नव्हतं, हे आधीच सांगते. कमरेचं हाड मोडून मी अंथरुणावर होते, तेव्हा थोरली सून जेवताना म्हणाली, “आत्ती, आता तुम्ही ह्यात लक्ष घालू नका.” मी ताटावरनं हात उचलला आणि पोराला म्हटलं, गाडी काढ.

तर निवास. कराडच्या अलीकडं, हायवेपासून आत, उसाच्या फडांच्या मधे. एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बायका, मधे स्वयंपाकघर आणि देवघर. सकाळी अंघोळी, मग नाष्टा, मग गोळ्या. दुपारी पडायचं, संध्याकाळी ओळीनं बाकावर बसून रस्त्यानं कोण गेलं ते बघायचं. मधेच गावातलं कुणी केळी घेऊन यायचं. ज्याच्या घरी वाढदिवस तो आमच्याकडं केळी वाटणार. जन्माला हे आले, पोटं आमची बिघडणार, ही कुठली रीत मला आजवर समजलेली नाही.

माझ्या खोलीत दोन पलंग. खिडकीकडचा माझा आणि भिंतीकडचा प्रमिलावैनी हर्डीकरांचा. वैनींना अर्धांगाचा झटका आलेला. उजवं अंग गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर वाचाही. कळत सगळं होतं आणि डावा हात धडधाकट होता. बोलणं माझ्याकडं, ऐकणं त्यांच्याकडं अशी आमची वाटणी झाली. अशी जोडीदारीण मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

सगळ्या अंगाचं चिपाड झालं होतं, पण केसांना काही झटका आला नव्हता. पांढऱ्यात काळे अजून बऱ्यापैकी राखलेले, आणि लांबी म्हणाल तर पलंगावरनं खाली सोडली तर वेणी फरशीला टेकायची. केळी वाटायला आलेल्या बायका आधी वेणी बघायच्या आणि मग तोंड. “आजी, काय लावता हो केसांना?” असं विचारायच्या. वैनी काय सांगणार? मग मीच सांगायची, “त्या काय बी लावत न्हाईत. नवरा लावतो.”

ते खरंच होतं. हर्डीकर नाना बाप्यांच्या अंगाला राहायचे. माणूस ताठ, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला, हिंडता फिरता. बायकोला एकटी ठेवायची नाही म्हणून तिच्याबरोबर इथं आलेला. रोज सकाळी नाष्टा झाला की एका हातात फणी आणि दुसऱ्या हातात तेलाची बाटली घेऊन यायचे. स्टूल ओढायचे, वैनींना कुशीवर करायचे आणि गुंता काढायला बसायचे. पोस्टातलं टपाल लावावं तशा शिस्तीनं तीन पेड वेगळे करायचे. पण बाप्याचा हात तो. फणी अडकली की ओढायची एवढंच त्यांना माहीत.

वैनींच्या डोळ्यांना धार लागायची. दारात उभ्या राहिलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. “बघा, काय प्रेम आहे!” एकीनं तर फोटो काढून नेला. मीसुद्धा म्हणायची, आमच्या ह्यांनी जन्मात माझ्या केसाला फणी लावली नाही, मारुतीला लावला तेवढाच तेलाचा हात.

चहाच्या वेळी मी सिस्टरला गप्प केलं असं मला वाटलं होतं, पण दुपारी ती शेवंतामावशीला घेऊन खोलीत आली. वैनींची कूस बदलायची वेळ झाली होती. दोघींनी त्यांना सावकाश भिंतीकडं वळवलं.

“आक्का, इकडं या. नुसतं बघा.”

“माझी कंबर दुखतीया.”

“मघाशी केळी नाकारायला धावत गेलात तेव्हा दुखत नव्हती. मानेखाली सारखी ओल राहते ह्यांच्या. एवढे केस वाळतच नाहीत. वेणी पाठीखाली आली की माणूस दोरखंडावर झोपल्यासारखं होतं. कातडं सोलवटायला लागलंय.”

“पावडर मार.”

“पावडरीचा चिखल होतो.”

“मग पुसत जा. हात झिजत्यात व्हय पुसून?”

शेवंता तोंड फिरवून हसली. एस्तेर हसली नाही.

“जखम खोल गेली ना, तर आम्हाला ह्यांना इथं ठेवता यायचं नाही. दवाखान्यात भरती करावं लागेल. बायकांच्या वॉर्डात नानांना राहता येत नाही. ह्या तिकडं, ते इकडं. आणि ह्या वयात जखम घेऊन गेलेलं माणूस परत येतंच असं नाही. एका वेणीपायी हे चालेल तुम्हाला?”

पण गप्प राहून हरणं मला ठाऊक नाही.

“अगं, नवरा जिता असताना बाईचे केस कापत्यात व्हय? कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा आणि डोकं भादरलेलं? नवऱ्याचं मरण चिंतल्यासारखं हाय ते. तुमच्यात चालत असंल.”

“आमच्यातही आई वेणीच घालायची, आक्का. आणि फणीनं टाळकंही शेकायची.”

तेवढ्यात वैनींनी डावा हात उचलला आणि आपल्याच डोक्यावर थापटला. टप, टप.

“बघ!” मी म्हटलं. “आता त्याच सांगत्यात. हात लावू नका म्हणत्यात.”

“कापा म्हणत असतील.”

“तुला त्यांची भाषा कळती का मला? एका खोलीत कोण झोपतंय?”

वैनींनी पुन्हा थापटलं, जरा जोरानं. मग माझ्याकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, दमल्या बिचाऱ्या सिस्टरच्या बडबडीनं.

“गुरुवारी कापणार,” जाताना एस्तेर म्हणाली.

संध्याकाळी नाना माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. एरवी ते मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसायचे. त्या दिवशी जवळ बसले.

“आक्का, तुम्ही आहात म्हणून बरं. मी सिस्टरांशी भांडू शकत नाही. आयुष्यभर काउंटरच्या आतून बोलायची सवय.”

“भांडायचं माझ्यावर सोडा. पण नाना, तुमचा एवढा जीव का वेणीत? माझ्या सासऱ्याचा बैलजोडीत होता तसा.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“आमच्या घरात एक आत्या होती. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कुंकू पुसून परत आली. मागच्या खोलीत असायची. न्हावी मागच्या दारानं यायचा, तेव्हा आम्हा पोरांना अंगणात पिटाळायचे. एकदा मी गेलो नाही, दाराच्या फटीतून पाहिलं. ती रडत नव्हती, आक्का. मान खाली घालून नुसती बसली होती. मग तिनं डोक्यावर तांबडं लुगडं ओढलं आणि उठून भांडी घासायला गेली. लग्नाच्या पहिल्या रात्री मी प्रमिलेला म्हटलं होतं, काही झालं तरी तुझ्या केसाला कात्री लागू देणार नाही. तिला बिचारीला काय समजलं असेल कोण जाणे. पण मी म्हटलं होतं.”

आमच्यात ती रीत नव्हती, पण गावात बामणाच्या आळीत मी तसल्या म्हाताऱ्या बघितल्या होत्या.

“न्हाई लागणार कात्री,” मी म्हटलं. “ह्या गोजरा इंगवलेनं शब्द दिला.”

आता हे लक्षात घ्या. माझ्या शब्दावर आमच्या भावकीत बांध सरकलेले परत जाग्यावर आलेत. शब्द दिल्यावर प्रश्न वैनींच्या केसांचा राहिला नव्हता, माझ्या नाकाचा झाला होता.

निवासात धड कापणारी कात्री एकच. सिस्टरच्या मलमपट्टीच्या ट्रेमधे असायची. बाप्यांना न्हावी यायचा, पण बायकांचे केस सिस्टर स्वतः त्याच कात्रीनं कापायची. बुधवारी ती भीमाबाईंच्या पायाची पट्टी बदलत होती. मी काठी टेकत गेले आणि भिंतीला धरून म्हटलं, “सिस्टर, मला गरगरायला लागलंय गं.”

मी कधी दुखतंखुपतं सांगणारी नाही, त्यामुळं एस्तेर घाबरली. ब्लडप्रेशर बघायचं मशिन आणायला पळाली. ती परत आली तोवर कात्री माझ्या कमरेला आणि मी खुर्चीत. भीमाबाई सगळं बघत होत्या. मी त्यांच्याकडं एकदाच बघितलं. त्यांनी छताकडं बघायला सुरुवात केली.

“प्रेशर जरा वाढलंय,” एस्तेर म्हणाली.

“तुझ्यामुळंच वाढलंय,” मी म्हटलं. दोन्ही अर्थानं खरं होतं.

कात्री लपवायची कुठं? माझा पलंग ती आधी उलटापालटा करणार. मग मला अक्कल सुचली. जी बाई हलत नाही तिच्या गादीखाली कोण बघतंय? मी वैनींच्या डाव्या अंगाला, गादीच्या कडेखाली कात्री सरकवली.

“वैनी, इथं ठेवली बघा कात्री. आता उद्या काय कापती ते बघू. कुणाला सांगू नका.” आणि माझं मलाच हसू आलं, त्या कुणाला सांगणार?

वैनींनी माझं मनगट धरलं. असं गच्च धरलं की त्यांच्या हिरव्या बांगड्या माझ्या कातड्यात रुतल्या. डोळे नुसते लकाकत होते.

“असू द्या, असू द्या. आभार कशाला मानता? शेजारधर्म हाय,” मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी निवासात एकच धुंडाळाधुंडाळी. ट्रे उपडा झाला, कपाटं झाली, शेवंतानं माझी गादी झटकून वर ठेवली आणि माझ्या बटव्यातली सुपारीसुद्धा मोजल्यासारखी बघितली. मी जपमाळ ओढत बसले होते. एरवी मी जप करत नाही.

“आक्का, कात्री कुठाय?”

“मला काय ठावं? कात्री माझी व्हय?”

“ठीक आहे,” एस्तेर म्हणाली आणि स्वयंपाकघरातनं दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन आली.

आता मात्र मी उठले. दारात उभी राहिले आणि काठी आडवी धरली. नाना आधीच आत आले होते. ते माझ्या मागं उभे राहिले, हातात फणी घेऊन. आमची सगळी फौज ती एवढीच.

“बाजूला व्हा, आक्का.”

“दुधाच्या कात्रीनं सवाष्णीचे केस कापतीस? लाज वाटती का?”

“चांगली कात्री द्या, तिनं कापते.”

“आधी माझ्या अंगावरनं जा.”

“तुमच्या अंगावरनं जायला शिडी लागेल, आक्का. नाना, तुम्ही तरी ऐका. ती मान एकदा डोळ्यांनी बघा. रोज केस विंचरता, पण ते बाजूला करून मागं कधी बघितलंय का?”

“मला… मी तिला दुखेल असं काही करत नाही,” नाना म्हणाले.

“ऐकलंस?” मी म्हटलं. “नवरा न्हाई म्हणतोय, मी न्हाई म्हणती, त्या स्वतः डोक्यावर हात मारून न्हाई म्हणत्यात. तू कोण गं कापणारी?”

“मी त्यांची पाठ पुसणारी,” एस्तेर म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. “तुम्ही सगळे पुढनं बघता. मी मागनं बघते.”

मला उत्तर सुचत होतं. चांगलं झणझणीत सुचत होतं. पण एस्तेर माझ्याकडं बघायची थांबली होती. ती माझ्या खांद्यावरनं आत बघत होती.

“आक्का, मागं बघा.”

“फसवतीस व्हय मला?”

“आक्का, खरंच मागं बघा.”

मग मला आवाज ऐकू आला. करर्, करर्. कणगीत उंदीर शिरला की येतो तसा.

मी वळले. वैनींनी वेणी छातीवर ओढून घेतली होती. कापायच्या जागेपुढचा भाग दातात धरला होता, म्हणजे ती ताणून राहील. आणि डाव्या हातात सिस्टरची कात्री. डाव्या हाताला कात्री नीट चालत नाही, पाती एकमेकीपासनं लांब जातात, केस त्यात दुमडतात आणि अडकतात. तरी त्या कापत होत्या. कानाच्या खाली वेणी निम्मी कुरतडली गेली होती. कपाळावर घाम आला होता, कुंकू त्यात पाघळलं होतं.

नानांच्या हातातली फणी खाली पडली.

“प्रमिले! अगं काय करतेस?”

वैनींनी दातातली वेणी सोडली. दम खाल्ला. मग कात्री उलटी करून, मूठ पुढं करून नानांच्या समोर धरली. हात मागं घेतला नाही.

सिस्टर दोन पावलं पुढं आली, तशी वैनींनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कात्री नानांच्यापुढंच.

“माझ्याच्यानं नाही होणार,” नाना म्हणाले. “मागू नकोस. दुसरं काहीही माग.”

वैनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. शाळेत गणित न येणाऱ्या पोराकडं मास्तरीण बघते, तसं. मग कात्री हळूहळू वळली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

मी उसाचा फड तोडलाय. बोकड कापताना त्याचे पाय धरलेत. सुनेच्या बाळंतपणात माझ्या हातानं नाळ कापली आहे. पण त्या कात्रीच्या मुठीत बोटं घालताना माझी बोटं एकमेकांत अडकली.

“वैनी, कापू?” मी विचारलं.

त्यांनी डोक्यावर थापटलं. टप, टप. परवासारखंच.

मी कापलं. पेड जाड होता, दोनदा चावून तिसऱ्यांदा तुटला. वेणी हातात आली तेव्हा तिचं वजन कळलं. विहिरीतनं नुकत्याच काढलेल्या दोरखंडासारखी, ओली आणि जड. वासही तसाच, कोंदट. सिस्टरनं त्यांना कुशीवर केलं आणि मी पहिल्यांदा ती मान बघितली. सोललेल्या टोमॅटोसारखी लाल. मधे एक खड्डा पडायला लागला होता.

वैनींनी श्वास सोडला. एवढा लांब की मला वाटलं, गेल्याच.

नाना भिंतीकडं तोंड करून उभे होते. सिस्टरनं उरलेले केस सारखे केले, जखम पुसली, औषध लावून पट्टी केली. शेवंतानं गादीवरचे केस झाडले. मग वैनींनी पलंगावर हात आपटला. नाना वळेनात. पुन्हा आपटला. ते आले तसे खाली बघतच आले. वैनींनी त्यांचा हात धरला आणि मानेमागं नेला, पट्टीच्या कडेला जिथं कातडं उघडं होतं तिथं टेकवला. नानांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला आणि बोटांकडं बघितलं.

“हे रोज दुखत होतं?”

वैनींनी डोळे मिटून उघडले.

“मी विंचरताना?”

पुन्हा मिटून उघडले.

“मला वाटायचं, तुझे डोळे भरून येतात ते…”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. उसाला पाणी दिलं होतं.

बऱ्याच वेळानं नानांनी मान वर केली आणि बायकोकडं नीट बघितलं. खांद्यावर काही नाही, कान उघडे, कपाळावर कातरलेल्या बटा. मी जीव मुठीत धरून बसले होते. आता ह्यांना ती मागच्या खोलीतली आत्या दिसणार.

“आत्यासारखी नाही दिसत,” ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं.

“मग कुणासारख्या दिसत्यात?”

“चौथीतल्या पोरासारखी. मागच्या बाकावर बसून खोड्या काढणाऱ्या.”

वैनी हसल्या. अर्ध्याच तोंडानं, कारण अर्धंच हलत होतं. पण एवढ्या महिन्यांत मी ते पहिल्यांदा बघत होते.

“नाना,” मी म्हटलं, “मी तुम्हाला शब्द दिलता.”

“हो, आक्का.”

“तो मी मोडला न्हाई. कापायला सुरुवात त्यांनी केली.”

“हो, आक्का.”

“हे चारचौघांत सांगायचं, कुणी विचारलं तर.”

“सांगेन,” ते म्हणाले. एस्तेर कात्री पुसत होती. ती फक्त म्हणाली, “आणि कात्री गादीखाली कुणी ठेवली हेसुद्धा सांगायचं का?” मी तिला उत्तर दिलं नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायला मी काही कोर्टात उभी नव्हते.

मान वाळायला वेळ लागला, पण वाळली. दवाखान्याचं नाव पुन्हा निघालं नाही. नाना आता रोज येऊन नुसत्या बोटांनी डोक्याला तेल चोळायचे आणि वैनी त्यातच घोरायला लागायच्या. बघायला येणाऱ्या बायकांना ते पूर्वीइतकं गोड वाटत नसावं, कारण फोटो कुणी काढेना.

मी बदलले असं काही नाही. पुढच्याच महिन्यात नानांचं आणि माझं खिडकीवरनं जुंपलं. बाहेर थंडी पडायला लागली होती.

“खिडकी लावा, आक्का. तिच्या डोक्याला गार वारा लागतोय. केसही नाहीत आता.”

“लावायची न्हाई. कोंडून मारता काय त्यांना? मोकळी हवा लागती माणसाला.”

“सर्दी झाली म्हणजे?”

“मी त्यांच्या शेजारी झोपती, तुम्ही न्हाई. मला ठावं हाय त्यांना काय पायजे ते!”

“मी तिचा नवरा आहे!”

“म्हणून तर सांगती!”

आवाज चांगलाच चढला होता. एस्तेर औषधाचा डबा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. ती काही बोलली नाही, फक्त पलंगाकडं बघितलं. मीही बघितलं, मग नानांनीही. वैनी जाग्या होत्या.

“वैनी,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला, “तुमचं काय म्हणणं हाय?”

वैनींनी डावा हात उचलला. मला वाटलं, खिडकीकडं जाणार. नानांना वाटलं, शालीकडं जाणार. बोट सरळ दाराकडं गेलं.

“दार लावू?” नानांनी विचारलं.

बोट नानांच्याकडं आलं. मग माझ्याकडं आलं. मग परत दाराकडं गेलं.

एस्तेर औषधाचा डबा पोटाशी धरून हसायला लागली.

मी माझ्या घरात चार सुनांना, दोन दिरांना आणि एकदा तर तलाठ्याला दाराबाहेर काढलेलं आहे. मला आजवर कुणी काढलं नव्हतं. मी काठी घेतली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. नाना माझ्या मागोमाग आले.

“किती वेळ बसायचं इथं?” त्यांनी हळूच विचारलं.

“त्या बोलवतील तंवर,” मी म्हटलं. “आणि मला काय विचारता?”